कापसाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

अक्काच्या घशातली गाठ काढताना आवाजाची पेटीही काढावी लागेल, असं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमच्या वडलांनी, आबांनी, विचारलं, "मंग ती बोलंल कशी?" डॉक्टर म्हणाले, "बोलता येणार नाही." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यानंतर मी पुष्कळ दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो, पण इतकं सरळ उत्तर पुन्हा कुणी दिलं नाही. दिलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

अक्का माझी थोरली बहीण, सोनपेठच्या अलीकडं एका गावात दिलेली. आई लवकर गेली, त्यामुळं मला वाढवलं ते अक्कानंच. आईचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही. आबांना विचारलं तर ते म्हणायचे, "बायामानसासारखा." एवढंच. म्हणून माझ्या डोक्यात आई या शब्दामागं जो आवाज आहे, तो अक्काचाच.

आणि अक्का गायची. शिकलेली वगैरे नाही. हळदीला, बारशाला, पंचमीच्या फेराला बाया गातात तशी. आमचं गाव पोखर्णीच्या फाट्यापासून आत. आसपासच्या गावात हळद असली की तिच्या लग्नाआधी आणि नंतरही, ती माहेरी असली तर, तिच्यासाठी बैलगाडी यायची. तिचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. गोड आवाजाच्या बाया गल्लोगल्ली असतात. तिचा आवाज रुंद होता. मांडवाच्या या टोकाला ती बसली की त्या टोकाला भांडी घासणारीचे हात थांबायचे. बोलणंही तसंच. शेतातून तिनं मला हाक मारली की पलीकडच्या शेतातला गडी 'ओ' द्यायचा, आणि वर चिडायचा, "मला न्हाई बोलवायलीस तर एवढी बोंबलतीस कशाला?"

त्या पावसाळ्यापासून तिचा घसा बसला होता. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, पोखर्णीच्या नरसिंहाला नवस झाला, पालमच्या एका औषधवाल्याच्या पुड्याही झाल्या. ही सगळी मंडळी महिने खाऊन बसली आणि गाठ आपली वाढत राहिली. हिवाळ्यात, विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला त्या सुमारास, आम्हांला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी यायला सांगितलं. ते दिवस असे होते की एसटी सकाळी निघाली तर दुपारी पोचेल का, हे कंडक्टरही सांगायचा नाही. त्यामुळं अक्का, दाजी आणि त्यांची दीड-दोन वर्षांची पोरगी आमच्याकडंच येऊन थांबली होती. रस्ते शांत झाले की जीप करून निघायचं ठरलं होतं.

ऑपरेशनला अक्का घाबरली नाही. गळ्याला भोक पडणार, त्यातून श्वास घ्यायचा, हे सगळं तिनं बाजारातली खबर ऐकावी तसं ऐकून घेतलं. तिला खात होतं ते वेगळंच. एकदा पोरीला अंघोळ घालताना ती मला म्हणाली, "हिला माझा आवाज ठाव न्हाई राहायचा. मोठी झाल्यावर हिला वाटंल, माय जल्माची मुकीच होती." मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं ती काय म्हणतेय ते, आणि म्हणूनच मी उगाच तिच्यावर खेकसलो, "पाणी गार व्हायलंय, आधी तिच्या अंगावर घाल."

आमच्या घरी टेपरेकॉर्डर होता, पण त्याचा पट्टा ढिला झाला होता. त्यात भरलेला माणूस रेडा हंबरल्यासारखा ऐकू यायचा. मी तो दुरुस्तीला न्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात अक्काचा दीर आला. तो सौदीत इलेक्ट्रिशियन होता आणि भावजयीचं कळल्यावर रजा काढून आला होता. त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि यंत्रं जास्त. त्यातून त्यानं एक काळी पेटी काढली आणि तिच्याशेजारी तळहातावर मावेल अशी एक चौकोनी डबी ठेवली. डबीत इवलीशी तबकडी.

"मिनीडिस्क म्हणतेत हिला," तो म्हणाला. "कॅसेट घासती, फिती अडकतेत. हिला काई होत न्हाई. शंभर वर्सं आवाज हाय तसा."

"तुमी बघायला येणार हाव का शंभर वर्सांनी, पाव्हणं?" मी म्हणालो.

तो हसला, पण लाजला नाही. त्याला त्या यंत्राचा खराखुरा अभिमान होता आणि वहिनीवर जीवही होता. त्यानं लग्नातल्या भोंगेवाल्याकडून माईक आणि अॅम्प्लिफायर मागून आणला, वायरी सोलल्या, जोडल्या, आणि स्वतःच "हॅलो, हॅलो" भरून आम्हांला ऐकवलं. त्याच्या आवाजासोबत दारातल्या शेळीचं खोकणंही इतकं स्वच्छ आलं की पोरगी पेटीच्या मागं शेळी शोधायला गेली. आम्ही सगळे खो खो हसलो. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसणं म्हटलं तरी चालेल. शेळी हवी कशाला म्हणून पाव्हण्यानं ते लगेच पुसूनही टाकलं.

मग अक्कानं बोलणं बंद केलं. घसा जेवढा शिल्लक आहे तेवढा मशीनसाठी राखायचा, असं तिचं तिनं ठरवलं. आठवडाभर ती हातवाऱ्यांनी बोलली. पोरगी "आई, आई" करत पदर ओढायची आणि अक्का तिला नुसती कुरवाळायची. पोरगी रडून रडून लाल व्हायची. पोरीला आवाज ठेवता यावा म्हणून तिनं पोरीलाच आवाज दिला नाही. दाजींना ते बघवायचं नाही. ते उठून शेताकडं निघून जायचे. मीही एकदा म्हणालो, "अगं, एक शब्द बोल तिच्याशी, एका शब्दानं काय संपणार हाय?" तिनं ओठांवर बोट ठेवलं.

रेकॉर्डिंगला जागा निवडली ती कापसाच्या खोलीची. वेचणी उरकून कापूस घरात येऊन पडला होता, आढ्यापर्यंत. ज्यानं अशी खोली अनुभवली नसेल त्याला सांगून कळणार नाही, पण कापसानं भरलेल्या खोलीत आवाज आपटत नाही. टाळी वाजवली तरी ती हातातच राहते. गिरणीवाल्याला तासभर इंजिन बंद ठेवायची विनंती केली, दाराला गोधड्या लावल्या, कुत्र्याला मळ्यात पाठवलं. दिवसा लाईट असण्याचा तो आठवडा होता. जेवणं झाल्यावर अक्का कापसाला पाठ टेकून बसली, समोर माईक, बाजूला कानाला हेडफोन लावून पाव्हणा, दाराशी मी आणि आबा.

ती आधी पाळणा म्हणाली. आवाज घोगरा होता, पण रुंदी तीच. मग हळदीची गाणी म्हणाली, एकामागून एक, मध्ये फक्त घोटभर पाणी. मग तिनं पोरीला हाका मारल्या. लाडानं, रागानं, लांबून मारतात तशी, जेवायला बोलावतात तशी. एक गोष्ट सांगितली, घास भरवताना सांगतात तेवढीच. आणि शेवटी ती माईककडं बघून पोरीला चक्क रागावली. उन्हात अनवाणी हिंडू नको, केस मोकळे सोडून तिन्हीसांजा दारात बसू नको, कुणाच्या घरचं मागून खाऊ नको. पाव्हण्यानं प्रश्नार्थक मान हलवली तेव्हा ती म्हणाली, "मोठी झाल्यावर रागवायला बी पाहिजे की कुणीतरी."

आबा भिंतीकडं तोंड करून रडत होते. मी रडलो नाही. मला आनंद झाला होता, हे आज लिहिताना विचित्र वाटतं, पण झाला होता. वाटलं, घे म्हणावं डॉक्टरला. पेटी काढ म्हणावं, खुशाल काढ.

पाव्हण्यानं बटन दाबलं, हेडफोन काढले आणि म्हणाला, "झालं वहिनी. एक नंबर." आणि तो अक्काला हात द्यायला उठला, कारण तिला उभं राहता येईना.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या गावात लाईट जायची ती गुपचूप जायची आणि यायची ती लाथ मारून. त्या झटक्यानं आबांची विहिरीवरची मोटार एकदा जळाली होती, नंतर रेडिओ जळाला, शेजाऱ्यांचा टीव्ही तर भर सिरियलमध्ये धूर सोडून गेला होता. तेव्हापासून गावात कुणीही नुसतं बटन बंद करून थांबायचं नाही. काम झालं की भिंतीतून पिन उपटायची. आमच्या घरात लहान पोरालाही हेच शिकवलेलं. आणि हे तर पाव्हण्याचं सौदीहून आणलेलं महागाचं मशीन, त्यात अक्का. आबांनी डोळे पुसले, वाकले आणि पिन काढली. वर वायरीची नीट गुंडाळी करून पेटीवर ठेवली.

दिवे लागायच्या वेळेला शेजारच्या बाया ऐकायला जमल्या. पाव्हण्यानं पेटी लावली, बटन दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. पेटीच्या काचेवर इंग्रजी अक्षरं आली. मी वाचली. ब्लँक डिस्क. कोरी.

पाव्हण्यानं डबी काढली, उलटीसुलटी केली, फुंकर मारली, परत घातली. कोरी. त्यानं बॅगेतून मशीनचं माहितीपुस्तक काढलं आणि बल्बखाली जाऊन वाचत बसला. त्याचा चेहरा बघूनच बाया एकेक करून उठून गेल्या. मग त्यानं मला गोठ्याकडं नेलं आणि सांगितलं. हे मशीन आवाज तबकडीवर भरत जातं, पण काय कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं, त्याची नोंद ते सगळ्यात शेवटी, तबकडी बाहेर काढताना लिहितं. तोवर ती नोंद नुसती मशीनच्या डोक्यात असते. तेवढ्यात लाईट गेली की नोंद गेली. नोंद नसली की मशीनच्या लेखी तबकडी कोरी.

"म्हंजे गाणी हायेत आत?" मी विचारलं.

"हायेत. पर त्येला म्हाईत न्हाई, हायेत म्हणून."

ज्यानं कुणी ते मशीन बनवलं त्याला मी तिथंच, गोठ्यात उभं राहून, येतील तेवढ्या शिव्या घातल्या. शहाण्या, तुझ्या देशात लाईट जात नसेल. तुझ्या देशात म्हातारी माणसं भिंतीतून पिना उपटत नसतील. एका बाईचा अख्खा आवाज पोटात घ्यायचा आणि नोंद करायला विसरायचं, याला शहाणपण म्हणतात का? पाव्हण्याला सौदीत राहून इतकी वर्षं झाली होती की पिन उपटण्याची रीत त्याच्या ध्यानातही उरली नव्हती.

आबा मागं येऊन कधी उभे राहिले कळलं नाही. "मी पिन काढली म्हणून का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई हो मामा," पाव्हणा म्हणाला. "पीसच खराब निघाला. तुमचा काय संबंध?"

आबांनी मान डोलावली. आमचा बाप अडाणी होता, मूर्ख नव्हता.

अक्काला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती चुलीपुढं पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग, इतक्या हलक्या आवाजात की मला वाकावं लागलं, म्हणाली, "असू दे. सकाळी पुन्ना म्हणते." तिनं कुणाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, आम्हांला थोडा तरी श्वास घेता आला असता.

सकाळी जीप यायची होती. कारण रस्ते मोकळे झाल्याचा निरोप त्याच संध्याकाळी आला होता, आणि दवाखान्यानं दिलेली तारीख आधीच टळून गेली होती. दाजी म्हणाले, आता एक दिवसही थांबायचं नाही. त्यांचं बरोबर होतं. ऊन अंगणात उतरायच्या आत आम्ही परत कापसाच्या खोलीत बसलो. पाव्हण्याकडं तेवढी एकच तबकडी होती. कोरी दाखवतेय म्हटल्यावर तीच आत घातली. आबा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

अक्कानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. नुसता वारा. तिनं पाणी प्यायलं, मान ताठ केली, डोळे मिटले. पाळण्याचा पहिला शब्द लागला आणि फाटला. खोकला आला. पुन्हा धरला, पुन्हा फाटला. आबा म्हणाले, "होऊ दे, माय, सावकाश." ती पुन्हा तयार झाली. मी दाराला टेकून उभा होतो आणि देवाला म्हणत होतो, गाणं नको, चार शब्द तरी, पोरीचं नाव तरी. तिनं खरंच पोरीचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. ते अर्ध्यात अडकलं. मग तिनं हात हलवला आणि खरवडल्यासारख्या आवाजात म्हणाली, "निघंना. बंद करा." बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

पाव्हण्यानं बटन दाबलं. तबकडी बाहेर काढायचं दाबलं आणि काचेवरची अक्षरं विझेपर्यंत कुणीही हाललं नाही. हे रेकॉर्डिंग मात्र एकदम व्यवस्थित झालं.

ऑपरेशनही व्यवस्थित झालं. अक्का वाचली. गावात जो तो येऊन म्हणायचा, जीव वाचला ना, आवाजाचं काय घेऊन बसलात. मी त्यांना चहा द्यायचो आणि मनातून म्हणायचो, तुझा गळा काप, मग सांग. सौदीला परत जाताना पाव्हण्यानं मशीन वहिनीपाशीच ठेवलं. पुढच्या रजेत मी त्याला विचारलं, आधीची गाणी अजून त्यात असतील का? तो म्हणाला, सकाळचं जेवढं भरलं तेवढ्याखालची गेली, पाळणा गेला. बाकी असतील, पण ती वाचणारा माणूस मला म्हाईत न्हाई. मीही परभणीत, नांदेडात विचारून पाहिलं. लोकांनी मिनीडिस्क हे नावच पहिल्यांदा ऐकलेलं असायचं. एकानं डबी हातात घेऊन विचारलं, "ह्यात काय, घड्याळाचा सेल हाय का?" मी विचारायचं सोडून दिलं.

अक्काच्या घरी पोरगी ती तबकडी लावून मागायची. "आई लाव" म्हणायची. अक्का स्वतः उठून लावायची. मी असतो तर फोडून टाकली असती. भरलेलं एवढंसंच होतं. वारा, खोकला, फाटलेला शब्द, आबांचं होऊ दे माय, अर्धं नाव, आणि ते वाक्य. पोरगी पेटीला कान लावून ऐकायची आणि संपलं की पुन्हा मागायची.

ती पाचेक वर्षांची असेल. मी तुरीच्या दिवसांत अक्काकडं गेलो होतो. ओट्यावर अक्का गळ्याभोवती पांढरं फडकं बांधून शेंगा सोलत होती, मी तिला मदत करत होतो. खाली अंगणात पोरगी शेजारच्या पोरींबरोबर भातुकली मांडून बसली होती. एक पोर बाबा झाली, एक आजी झाली. आई कोण, म्हटल्यावर आमची भाची पुढं झाली. तिनं एक चिंधी गळ्याला बांधली. बाहुलीला मांडीवर घेतलं, थोपटलं, आणि घसा दाबून, अगदी तसाच खरवडून, बाहुलीला म्हणाली, "निघंना. बंद करा."

बाकीच्या पोरी हसल्या. एक म्हणाली, आई असं थोडंच बोलती. भाचीला राग आला. ती उठून ओट्याशी आली आणि तिनं अक्काला विचारलं, "आई, तू असंच बोलायचीस ना?"

अक्कानं पोरीकडं बघितलं आणि मान हलवून हो म्हटलं.